पायाळूचे हात

दिवाळी सरली की आमच्या ढोकीच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. एकामागं दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या, गाणी फुल्ल आवाजात, आणि बाहेर आलेली उसाची टोकं माझ्या दवाखान्याच्या पाटीला घासत जातात. दर हंगामात पाटीवरचं एखादं अक्षर खरवडून निघतं. मळीचा वास सुटतो, तो पार शिमग्यापर्यंत केसांतून जात नाही. गावाला हे दिवस आवडतात. बाजार भरतो, हॉटेलांच्या भट्ट्या पहाटेच पेटतात, पोरं चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढतात. लोकांना ह्या दिवसांत रस आठवतो, गूळ आठवतो. मला माकडहाड आठवतं.

परवा दुपारी ह्या हंगामातला पहिला ड्रायव्हर दवाखान्यात आला. कंबर धरून, एका अंगाला कललेला. उसण भरली होती, हे दारातूनच कळत होतं. भिंतीवर माझं मॅन्युअल थेरपीचं प्रगत सर्टिफिकेट काचेत लावलेलं आहे. त्यानं आधी त्याच्याकडं पाहिलं आणि मग माझ्या पायांकडं. पेशंट डॉक्टरणीच्या पायांकडं बघतो असं दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात होत नसेल. टायरवाल्या दादांची पायाळू पोरगी ती तुम्हीच का, असं विचारून उत्तराची वाट न बघता तो गडी सरळ उंबऱ्यात पालथा पडला. बाकावर आई बसली होती. 

मी पायाकडून जन्मले. आधी पाय बाहेर आले, डोकं शेवटी. अशा माणसाला आमच्याकडं पायाळू म्हणतात आणि पायाळूचा पाय फुकट जाऊ देत नाहीत. कुणाची कंबर धरली, उसण भरली, की त्यानं उंबऱ्यात पालथं पडायचं आणि पायाळूनं डावा पाय त्याच्या कमरेवरून हळूच ओढायचा. उसण निघते म्हणतात. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं असंही म्हणतात. मला आजवर कुणाच्या खिशातलंसुद्धा दिसलेलं नाही. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून अवकाळीचं आभाळ गडगडलं की मला घरात कोंडून बाकीची पोरं गारा वेचायला जायची.

दादांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, कारखान्याच्या रस्त्यावर टायर-पंक्चरचं दुकान. हंगामात तिथं ट्रॅक्टरांची रांग लागायची आणि ड्रायव्हर म्हणजे कंबर मोडलेलीच जात. ट्यूबला ठिगळ चिकटेपर्यंत दादा मला हाक मारायचे. मी शाळेचा फ्रॉक सावरत यायची. दुकानाच्या उंबऱ्यात एखादा दणकट बाप्या पडलेला असायचा, मी डोळे मिटून त्याच्या पाठीवर पाय ठेवायची. घामट पाठी, ग्रीसच्या पाठी, केसाळ पाठी. काही जण उठून खरोखर सरळ चालायचे आणि दादांची छाती फुगायची. ह्या कामाचा पैसा घेत नाहीत, घेतला तर पायाचा गुण जातो. लोक नारळ आणायचे. आमच्या घरी इतकं खोबरं असायचं की मला अजून त्याचा वास सोसत नाही.

सगळा गाव ह्या पायाखाली येऊन गेला. तलाठी येऊन गेला, दर्ग्याचे मुजावर येऊन गेले, ज्यांनी मला शाळेत छड्या मारल्या ते गुरुजीसुद्धा पाय लावून घ्यायला आले आणि मी त्यांच्या पाठीवर पाय जरा जास्तच वेळ ठेवला. आली नाही ती फक्त आई. तिची कंबर कधी दुखत नसेल असं होणार नाही, घरात पाणी तीच भरायची, दुकानातल्या चाकांच्या लोखंडी डिस्का तीच सरकवायची. पण ती कधी पालथी पडली नाही. एकदा दुपारी ती कुशीवर झोपली होती. मी लहान होते. मला वाटलं, सगळ्यांना आपण बरं करतो तर आईला का नको. मी गुपचूप तिच्या कमरेवर पाय ठेवला. ती किंचाळून उठली आणि मला अशी ढकलली की मी रांजणावर जाऊन आपटले. मग काहीच झालं नाही असं करून ती पीठ मळायला बसली. तिचा माझ्या पायावर विश्वास नाही, असं मी मनाशी धरून चालले. आणि खरं सांगायचं तर शिकून मोठी झाल्यावर ह्याच गोष्टीसाठी मला ती घरातली एकटी शहाणी वाटायची.

पुढं फिजिओथेरपीची डिग्री घेतली. पहिल्याच वर्षी ठरवलं की पाय बंद, आता हात. गावात दवाखाना काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आली. मी तिची पाठ तपासली, शेक दिला, व्यायाम दाखवले. तिनं सगळं मुकाट्यानं सोसलं आणि शेवटी म्हणाली, "झालं का तुजं? आता पाय लाव की बाई."

ह्या एका वाक्याला तोंड देता देता माझी वर्षं गेली. लोक माझ्या हाताला हात मानतच नव्हते. डिग्रीवर भागत नसेल तर डिग्रीच्या वरचं काहीतरी घ्यावं म्हणून मी मॅन्युअल थेरपीच्या प्रगत सर्टिफिकेटच्या कोर्सला नाव घातलं. नुसत्या हातानं सांधे, मणके, स्नायू ओळखायचे आणि हातानंच मोकळे करायचे. यंत्र नाही, शेक नाही, आणि पाय तर नाहीच.

कोर्स धाराशिवला होता. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, कारण तेवढा मोठा हॉल दुसरीकडं स्वस्तात मिळत नव्हता. त्यामुळं आमच्या वर्गाच्या तारखा पंचांगावर ठरायच्या. ज्या शनिवार-रविवारी लग्नाची तीथ नाही त्या दिवशी आमचा वर्ग. जिथं पंगत बसते तिथं तपासणीची टेबलं मांडलेली, भिंतीला कुठल्यातरी लग्नातला सोनेरी कागद चिकटलेला, आणि 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत आम्ही बायका कपडे बदलायच्या. तालीम एकमेकींच्या अंगावर करायची असते. कोर्स संपेपर्यंत वर्गात एकाचीही मान धड उरली नव्हती.

शिकवणारे सर बाहेरून यायचे. वाळलेले, उंच, आवाज कधीच न चढवणारे. ओरडणारा मास्तर परवडतो. हे सर शर्ट काढून स्वतः टेबलावर पालथे पडायचे आणि एकेकाला आपल्या पाठीवर हात ठेवायला सांगायचे. मग टेबलाला तोंडासाठी असलेल्या भोकात तोंड घातलेलं तसंच ठेवून खालूनच निकाल द्यायचे. एकाला म्हणाले, हा अंगठा आहे की मुसळ? परांड्याच्या रुखसारला म्हणाले, तू पेशंटला हात लावत नाहीस, त्याची माफी मागतेस. मी हात ठेवला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ तसाच राहू दिला. मला आशा वाटली. मग म्हणाले की हा हात लोकांना आवडेल, पण ह्याला घाई फार आहे, आणि ह्या घाईचं कारण हातात नसून बाईत आहे. वर्ग हसला. मी वधूपक्षाच्या खोलीत जाऊन रडले. रुखसार मागोमाग आली, दाराची कडी लावली आणि म्हणाली की ह्या खोलीत रडायचं तर आधी लगीन करावं लागतंय. ती परांड्याहून एसटीनं यायची, येताना घरचे शेंगदाण्याचे लाडू आणायची, आणि सरांनी अपमान केला की दोन खायची. कोर्स संपेपर्यंत तिचं वजन चांगलंच वाढलं होतं.

ह्या विद्येतली सगळ्यात निर्दय गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पेशंट येतो तो दुखणं घालवायला. आणि आपण आधी काय करायचं, तर बोटांनी शोधत शोधत त्याचं नेमकं तेच दुखणं पुन्हा जागं करायचं. आसपासचं, तसलंच दुसरं दुखणं चालत नाही. तो रोज ज्याला घेऊन झोपतो तेच पाहिजे. ते बोटाखाली आलं की विचारायचं, "हेच का?" आणि पेशंट कळवळून "हेच" म्हणाला की आपण मनात खूश व्हायचं. दुसऱ्याचा चेहरा पिळवटलेला बघून खूश होणारे लोक खाटीकखान्यातही नसतील. पण ह्या 'हेच'शिवाय पुढची पायरी नाही, आणि परीक्षेत सगळे मार्क ह्या 'हेच'लाच.

तो सबंध हंगाम मी दिसेल त्याला दाबत सुटले होते. शेजारणी, आत्या, उसतोड मजुरांच्या कोप्यांवरच्या, झोपड्यांतल्या बाया, पोस्टमन. दादा तर ग्राहकाला चहा विचारावा तसं विचारायचे, आमच्या मनीषाला पाठ दाखवायची का? फक्त आई हात लावू देत नव्हती. मी मागं लागले की तिचं एकच उत्तर, माझं काय दुखत न्हाय. भांडी घासतानाही तेच, बसमधून उतरतानाही तेच. मला राग यायचा. गावानं हात मानला नाही ते समजू शकते, पण हिनं? त्या हंगामात मला सर्टिफिकेट पाहिजे होतं हे खरं, पण त्याच्या आत आणखी एक हाव होती. आईनं एकदा माझ्या हाताखाली पाठ द्यावी आणि उठून म्हणावं की बरं वाटलं. जगातल्या बाकीच्यांनी नाही म्हटलं तरी मग चाललं असतं.

परीक्षा पौषात ठेवली, कारण पौषात लग्नं नसतात. शेवटच्या परीक्षेला प्रत्येकानं आपला एक जुनाट दुखण्याचा पेशंट आणायचा, सरांसमोर तपासायचा, दुखणं शोधायचं. पेशंट नाही तर परीक्षा नाही, मग पुढच्या वर्षी. मी बाळू नावाचा ट्रॅक्टर ड्रायव्हर ठरवला होता. कमरेचं दुखणं इतकं ठसठशीत की आंधळ्यालाही सापडावं. तोही तयार होता. अट एकच, परीक्षा झाली की एकदा पाय लावायचा. मी हो म्हणाले. परीक्षेसाठी माणूस काय काय कबूल करतो.

परीक्षेच्या सकाळी बाळूचा फोन आला. त्याची गाडी कारखान्यावर रांगेत होती आणि नेमका आत्ता नंबर लागत होता. ऊस वाळला की वजन घटतं, नंबर सोडला तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. "ताई, तुमची परीक्षा परत येईल, माझा नंबर येत न्हाय," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याचं बरोबरच होतं. मी त्याला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या ट्रॅक्टरच्या दुकानात वाढलेल्या पोरीलाच येतात.

आई त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती ती डबा घेऊन. परीक्षेच्या धास्तीनं मी जेवणं सोडलं होतं. ती कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती, मांडीवर डबा. रुखसारनंच तिच्याकडं बोट केलं. म्हणाली, पन्नाशी उलटलेली बाई आहे, काही ना काही दुखत असेलच, झोपव टेबलावर. मी आईला सगळं सांगितलं. तिनं डबा बाकावर ठेवला आणि उठली. उठताना तिनं दोन्ही हात बाकावर टेकले. तिची ती उठायची तऱ्हा मी लहानपणापासून बघत होते. चालताना पुन्हा म्हणाली, माझं काय दुखत न्हाय, पर तुजं नडत असंल तर झोपते.

टेबलापाशी सर आणि त्यांच्या मदतीला आलेल्या एक मॅडम उभ्या होत्या. प्रश्नांची रीत ठरलेली असते. नाव, वय, काम, दुखणं कुठं, कधीपासून, कशानं. आणि पेशंट कोणीही असो, त्याला तुम्ही म्हणायचं, हा सरांचा नियम. जन्मात आईला मी 'तू'शिवाय काही म्हटलं नव्हतं.  तुमचं पूर्ण नाव सांगा, असं मी म्हणाले. तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं पूर्ण नाव सांगितलं, मधल्या दादांच्या नावासकट. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दुखतंय कुठं, ह्यावर म्हणाली की कुठं न्हाय.

तेव्हा सर बोलले. परीक्षकानं मधे बोलायचं नसतं, पण बोलले. म्हणाले, बाई, तुम्ही सकाळपासून बाकावर बसला होतात, मी येता-जाता बघत होतो. तुम्ही एकाच बाजूवर बसता. दुसरी बाजू टेकत का नाही?

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. आपल्याकडं कुणी बघत होतं ह्याचंच तिला नवल वाटलं असावं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "माकडहाड."

सर माझ्याकडं वळले. "ह्या बाईंना तुम्ही किती वर्षं ओळखता?" त्यांनी विचारलं.

 आई चुलीपाशी एका अंगावर कलून बसते, एसटीत खिडकीच्या बाजूला कलून बसते, लग्नाच्या पंगतीत वाढायला उभी राहते आणि जेवते सगळ्यांच्या शेवटी, उभ्यानंच. ह्या सगळ्याला मी आईची सवय म्हणत होते. दुसऱ्याच्या आईला असं बसलेलं पाहिलं असतं तर मी चप्पल काढायच्या आत निदान सांगितलं असतं. सर म्हणाले, पुढचं विचारा.

"कधीपासून दुखतंय?" मी विचारलं.

"ही झाली तवापासून," आई म्हणाली. 'ही' म्हणताना तिनं हनुवटीनं माझ्याकडं खूण केली.

"कशानं?"

"पायाकडून आली. डोकं अडकलं. दाईनं वढून काढली, तवा खाली कट्‌कन वाजलं." ती जरा थांबली. "समदे पोरीचे पाय बघत व्हते. पायाळू झाली म्हणून गूळ वाटला. माझ्याकडं कुणी बघितलं न्हाय."

 एवढी वर्षं मी तिला शंभरदा विचारलं होतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. पोरीला सांगणं तिला जमलं नसतं. तुम्ही म्हणणाऱ्या कुणा परक्या डॉक्टरणीला तिनं ते सांगून टाकलं, इतकंच.

सरांनी पडदा ओढायला सांगितला. तोही लग्नातलाच, लाल मखमलीचा. ते बाहेर पाठ करून उभे राहिले, मॅडम आत आल्या. आई कुशीवर झाली. मी लुगड्यावरूनच बोटं ठेवली. कण्याच्या शेवटाला, जिथं हाड सरळ खाली यायला पाहिजे, तिथं ते ठोकताना वाकलेल्या खिळ्यासारखं आत आणि डावीकडं वळलं होतं. वाकलेलं होतं तसंच जुनं होऊन घट्ट बसलं होतं. हे दुसऱ्या कुणाच्या अंगात सापडलं असतं तरी मी ओळखलं असतं. जन्मताना आधी माझी टाच तिथून गेली होती आणि मागून अडकलेलं डोकं. मला वाटलं आता हात काढावा आणि पडद्याबाहेर जाऊन सांगावं की मला परीक्षा द्यायची नाही. मॅडम घड्याळ बघत होत्या.

मी दाबलं. "हेच का?"

आईनं टेबलाची कड धरली. "व्हय," ती म्हणाली. "हेच."

मी पास झाले. नुसती पास नव्हे, त्या तुकडीत सगळ्यात चांगल्या मार्कांनी. पडद्याबाहेर सर म्हणाले की दुखणं एवढं अचूक त्या दिवशी कुणीच दाखवलं नव्हतं. मग शांतपणे पुढं म्हणाले, हात चांगले आहेत, डोळे मात्र अजून यायचेत. रुखसारनं मला मिठी मारली आणि एक लाडू दिला. तो मी हातातच धरून ठेवला. बाकावर आईनं डबा उघडून ठेवला होता. पास झाली म्हणजे आता जेवशील, असं तिचं साधं गणित.

परतीच्या एसटीत ती खिडकीच्या बाजूला कलून बसली. खड्डा आला की समोरच्या बाकाचा दांडा धरून अंग उचलायची. आता मला दुसरं काही दिसतच नव्हतं. इतकी वर्षं का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली की कुणाला सांगणार, माणसं नारळ घेऊन तुझ्या पायाला येत होती, त्यांच्यात मी कुठं माझं माकडहाड घेऊन उभी राहू? तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं.

मग मी तिच्या मागं लागले. रोज दुपारी दवाखान्याला कडी लावून तिला झोपवायची. सर्टिफिकेटमधलं जे जे येत होतं ते केलं, सरांना फोन करून नवं विचारलं, तेही केलं. मग सोलापूरला नेऊन इंजेक्शन दिलं, त्यानं थोडे दिवस आराम पडला आणि पुन्हा जिथल्या तिथं. बसायला मधे भोक असलेली गोल गादी आणली, तर तिनं ती डोक्यावर ठेवली आणि वर घागर चढवली. म्हणाली, चुंबळ झकास झाली. दादांना सगळं सांगितलं तेव्हा ते पंक्चर काढत होते. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले की बायकांचं कुठंतरी दुखतच असतंय. आणि त्याच आठवड्यात माझ्या सर्टिफिकेटची रंगीत झेरॉक्स मारून त्यांनी दुकानात लावली. येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरला दाखवायचे, "बघा, आता पोरीच्या पायावर शिक्का बी बसलाय." ज्या कागदासाठी मी हाताची सालटं काढली, तो शेवटी पायाच्याच नावावर जमा झाला.

एके दिवशी दुपारी आई टेबलावरून उतरली, लुगडं सारखं केलं आणि म्हणाली, "मने, तुझ्या पायानं मोडलंय ते. हातानं निघत न्हाय. सोड आता." त्यानंतर तिनं पुन्हा कधी हात लावू दिला नाही. तसं पुस्तकातही लिहिलंय, इतकं जुनं, इतकं घट्ट झालेलं हाड सहसा हलत नाही. पुस्तकात ते वाचायला काही वाटत नाही.

तेव्हापासून माझ्या हाताला नाव मिळालंय. धाराशिवपासून लोक येतात. सरांनी म्हटलेले डोळेही आलेत, उशिरा का होईना. आता बाजारात उभी राहिले तरी मला माणसं दिसत नाहीत, कोण कुठल्या अंगावर बसलंय तेवढं दिसतं. भाजीवाल्या बायांची रांग बघून मला भाजी घेववत नाही. त्यांच्यात कितीजणी एका अंगावर बसलेल्या असतात, आणि घरच्यांना विचारा, म्हणतील सवय आहे.

तर परवाचा तो ड्रायव्हर. त्याला उंबऱ्यातून उठवून मी टेबलावर घेतलं, दुखणं शोधलं, 'हेच' म्हणवून घेतलं, मोकळं केलं. तो सरळ चालत गेला, पण तोंड पाडून. फसवलं गेल्यासारखा. पाय लावलाच नाही, असं तो बाहेर कुणाला तरी सांगताना मला ऐकू आलं. रस्त्यावर त्याचा ट्रॅक्टर सुरू झाला आणि उसाचं टोक पाटीला घासत गेलं.

आई बाकावरून उठली. दोन्ही हात टेकून, नेहमीसारखी. ढोकीच्या थंडीत हल्ली तिचं जास्त दुखतं हे मला दिसतं, ती सांगत नाही. मला वाटलं घरी निघाली. ती दारापर्यंत गेली, खाली वाकली, आणि उंबऱ्यात पालथी पडली. गाल फरशीला लावून.

मी म्हणाले की आई, ऊठ, हे काय खूळ काढलंस, ह्यानं काही होत नसतं आणि मी ते केव्हाच सोडलंय. तिनं मान वळवली नाही.

"समद्या गावाला पाय ठिवलास," ती म्हणाली. "मीच तेवढी ऱ्हायले. ठेव."

मी चप्पल काढली. डावा पाय तिच्या कमरेवर ठेवला आणि हळूच खाली ओढत आणला. लहानपणी डोळे मिटून ठेवायची तेव्हा पायाखाली नुसती पाठ असायची, गरम नाहीतर गार. आता माझ्या पायाला सगळं कळत होतं. एकेक मणका कळत होता, मग सपाट हाड, मग ते वळण. तिथं टाच थांबली. तिथंच ती बसत होती, नेमकी. तिच्या अंगातून कळ गेली ती माझ्या पोटरीपर्यंत आली. पाय उचलायला पाहिजे होता आणि मला उचलता येईना. परीक्षेतला प्रश्न विचारायची काही गरज नव्हती.

"फरक वाटतो का?" मी विचारलं, कारण असं विचारायचं असतं.

"न्हाय," ती म्हणाली. "काय फरक न्हाय."

मी पाय काढायला लागले तर तिनं मागं हात नेऊन माझा घोटा धरला.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "दुखतंय तवर ऱ्हाऊ दे."